‘मच्छीमार’ या एका शब्दातील अनेक माणसे : कोकण किनाऱ्यावरील सामाजिक विषमता आणि सागरी संसाधनांचे व्यवस्थापन

प्रस्तावना

किनाऱ्यावरील नैसर्गिक संसाधनांच्या व्यवस्थापनासंबंधी होणाऱ्या चर्चेत ‘मच्छीमार समाज’ हा शब्दप्रयोग सर्रास केला जातो. शासकीय आदेश, प्रकल्पांचे पर्यावरणविषयक अहवाल, न्यायालयीन निवाडे आणि संघटनांची निवेदने या सर्वांत तो एकसंध समूहाच्या अर्थाने येतो. प्रत्यक्षात या शब्दाखाली नौकेचा मालक असलेला नाखवा, नौका हाकणारा तांडेल, मजुरीवर जाणारा खलाशी, लिलावात मासळी उचलून बाजारात बसणारी कोळीण, बोंबील वाळत घालणारी स्त्री, ओहोटीच्या वेळी खाडीत तिसऱ्या आणि कालवे गोळा करणारी आदिवासी बाई आणि बंदरावर कोळंबी सोलणारी परप्रांतीय मजूर स्त्री इतके निरनिराळे घटक येतात. समुद्राशी यांपैकी प्रत्येकाचे नाते वेगळे आहे. समुद्र आटला, बंद झाला किंवा दुसऱ्या कोणास दिला गेला, तर प्रत्येकाचे होणारे नुकसानही वेगळे असते. व्यवस्थापनाचे नियम मात्र बहुतांशी एकाच घटकास समोर ठेवून केले जातात; तो घटक म्हणजे नोंदणीकृत नौकेचा मालक. या रचनेतून विषमता कशी निर्माण होते आणि कशी टिकते, याचे कोकण किनाऱ्याच्या संदर्भात विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेच्या २०१० च्या गणनेनुसार महाराष्ट्रात ४५६ सागरी मच्छीमार गावे, ८१,४९२ मच्छीमार कुटुंबे आणि ३,८६,२५९ इतकी मच्छीमार लोकसंख्या होती. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत पसरलेल्या या लोकसंख्येत सोनकोळी, मांगेला, वैती, खारवी, गाबीत, भंडारी, दालदी मुसलमान, वसई-उत्तन भागातील ख्रिस्ती कोळी असे अनेक समूह आहेत. त्यांची जाळी वेगळी, नौका वेगळ्या आणि हद्दीविषयीचे संकेतही वेगळे. उत्तरेकडे डोळ जाळ्याचे प्राबल्य, तर दक्षिणेकडे रापणीचे. या दोन पद्धती समजून घेतल्याशिवाय पुढील संघर्षाचे स्वरूप उलगडत नाही.

परंपरागत व्यवस्था : हक्क आणि उतरंड

डोळ हे पिशवीसारखे स्थिर जाळे होय. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना ते बांधले जाते आणि भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर वाहत येणारे बोंबील, जवळा, मांदेली त्यात अडकतात. उधाणाच्या दिवसांत प्रवाहाला जोर असतो, तेव्हा मासळी मिळते. भांगाच्या दिवसांत काम मंदावते. जाळे एका जागी उभे राहत असल्याने जागेला मोल येते. या जागेस ‘कव’ म्हणतात. कोणाची कव कोठे, दोन कवींमध्ये अंतर किती असावे, नव्या कवी कोणत्या दिशेने वाढवाव्यात यासंबंधी गावागावांत रूढ संकेत होते. पालघर-डहाणू आणि वसई-उत्तन येथील मच्छीमारांमध्ये कवींच्या हद्दीवरून झालेले वाद हे या संकेतांचे अस्तित्व आणि त्यांची दुर्बलता या दोहोंचे द्योतक आहेत. कायद्याच्या दृष्टीने समुद्र सर्वांचा; गावाच्या दृष्टीने मात्र त्याला सातबारा नसला तरी मालकी आहे.

रापण ही याउलट किनाऱ्यावरून ओढण्याची पद्धती. लहान होडीतून जाळे अर्धवर्तुळाकार सोडले जाते आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढतात. एका रापणीस पन्नास-पन्नास माणसे लागतात. बांगडा आणि तारली ही तिची मुख्य मासळी. रापणीचे वैशिष्ट्य तिच्या वाटणीत आहे. जाळ्यात ज्यांचा भाग आहे त्यांना वाटा मिळतोच; परंतु दोर ओढण्यास आलेल्या माणसालाही वाटा मिळतो. गावातील ज्याच्यापाशी होडी नाही, जाळे नाही, त्याच्या घरीही त्या दिवशी चुलीवर कालवण चढते.

या परंपरागत व्यवस्थेचे गोडवे गाण्याचा मोह अनेक अभ्यासकांना झाला आहे आणि तो टाळणे बरे. रापणीतही जाळ्याच्या मालकाचा वाटा मोठाच असे. स्त्रियांना नौकेवर स्थान नव्हते. डोळ जाळ्याच्या बारीक आसाच्या शेपटात लहान पिल्लेही मोठ्या प्रमाणावर अडकतात, हे पारंपरिक मच्छीमारही नाकारत नाहीत. तथापि या व्यवस्थेत एक मर्यादा अंगभूत होती : कोणीही एक जण सर्व मासळी नेऊ शकत नव्हता. कारण तसे करण्याचे साधन कोणापाशी नव्हते.

यांत्रिकीकरण आणि नवे विभाजन

स्वातंत्र्योत्तर काळात नौकांना इंजिने बसविण्यास शासनाने प्रोत्साहन दिले. सहकारी संस्थांमार्फत कर्जे, बर्फाचे कारखाने, डिझेलचा पुरवठा अशी साखळी उभी राहिली. कोळंबीला परदेशी बाजारपेठ मिळाल्यावर ट्रॉलरची संख्या वाढली. सहकारी चळवळीने कोळी समाजाला सावकाराच्या तावडीतून काही प्रमाणात सोडविले, हे निर्विवाद आहे. परंतु सहकारी संस्थेचा लाभ मुख्यतः ज्याच्यापाशी नौका आहे त्यालाच मिळाला. डिझेलवरील विक्रीकराचा परतावा हे याचे बोलके उदाहरण. हा परतावा यांत्रिक नौकेला, ती जितके डिझेल जाळील तितका मिळतो. वल्ह्याने अथवा शिडाने चालणाऱ्या होडीला त्यातून काहीच मिळत नाही आणि डोक्यावर टोपली घेऊन रेल्वेने बाजारास जाणाऱ्या स्त्रीच्या प्रवासखर्चाचा तर प्रश्नच उपस्थित होत नाही. सार्वजनिक पैशाचा ओघ इंधनाच्या प्रमाणात वाहतो, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

ट्रॉलर आणि पारंपरिक मच्छीमार यांच्यातील संघर्ष १९७० च्या दशकात साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर भडकला. गोव्यात रापणकारांनी संघटितपणे लढा दिला आणि १९८० मध्ये तेथे सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. केरळनेही त्याच वर्षी असा कायदा केला. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा. या कायद्यांचे उगमस्थान लक्षात घेण्याजोगे आहे. माशांच्या साठ्याविषयीच्या शास्त्रीय चिंतेइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, किनाऱ्यावरील संघर्ष शमविण्याचा हेतू त्यामागे होता. म्हणजे हे कायदे मुळात वाटणीचे कायदे होत. किनाऱ्यालगतचे उथळ पाणी लहान साधनांसाठी राखून ठेवणे आणि मोठ्या नौकांना खोल पाण्यात लोटणे हे त्यांचे सूत्र.

हे सूत्र कागदावर राहिले, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे ठरेल; परंतु ते साधनांच्या मागे पडत गेले, हे खरे. ट्रॉलरनंतर पर्ससीन जाळे आले. एका फेरीत बांगड्याचा वा तारलीचा संपूर्ण थवा वेढून उचलणारे हे जाळे म्हणजे रापणीच्या तत्त्वाचा नेमका विपर्यास होय. वेढा तोच, परंतु ओढणारी माणसे नाहीत. त्यांच्या जागी यंत्र आहे आणि त्यामुळे त्यांचा वाटाही नाही. डॉ. वि. सो. सोमवंशी यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालाच्या आधारे राज्य शासनाने ५ फेब्रुवारी २०१६ रोजी आदेश काढून पर्ससीन मासेमारीचा हंगाम १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर इतका मर्यादित केला आणि परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्याने १८२ पर्यंत खाली आणण्याचे धोरण ठरविले. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र शासनाने प्रखर एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर आणि दोन नौकांनी एकच जाळे ओढण्याच्या पद्धतीवर बंदी घातली. २०२१ मध्ये राज्याच्या मूळ अधिनियमात सुधारणा होऊन दंडाची रक्कम लाखांच्या घरात गेली. जानेवारी २०२५ पासून ड्रोनद्वारे टेहळणीही सुरू झाली.

इतके असूनही मालवण, रत्नागिरी या भागांत पारंपरिक विरुद्ध पर्ससीनधारक हा वाद पुनःपुन्हा उफाळत राहिला. त्याचे एक कारण अंमलबजावणीतील शैथिल्य हे आहेच. दुसरे कारण मात्र क्वचितच बोलले जाते. पर्ससीनचे मालक बाहेरचे नाहीत. पुष्कळदा ते त्याच गावचे, त्याच जातीचे, कधी त्याच भावकीतले असतात. ज्याला कर्ज मिळाले, ज्याच्यापाशी तारण ठेवण्यास जमीन वा सोने होते, तो मोठ्या नौकेचा धनी झाला; ज्याच्यापाशी नव्हते तो त्याच नौकेवर खलाशी झाला किंवा रापणीच्या दोराशीच राहिला. संघर्ष समाजाच्या आतला आहे. त्यामुळे ‘मच्छीमारांचे हित’ या नावाने केलेल्या प्रत्येक मागणीच्या वेळी ते हित कोणाचे, हा प्रश्न विचारणे अपरिहार्य ठरते.

नौका नसलेले

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडलेला सामायिक संसाधनांच्या शोकांतिकेचा सिद्धांत सर्वपरिचित आहे. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, म्हणून त्याचा नाश होतो, हा त्याचा आशय. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात या मताचा साधार प्रतिवाद केला. संसाधनावर अवलंबून असलेले लोक स्वतःच नियम करतात व पाळतात, याची अनेक देशांतील उदाहरणे त्यांनी पुढे ठेवली. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रापण आणि कव या संस्था ऑस्ट्रॉम यांच्या विवेचनात चपखल बसतात. परंतु नियम करणाऱ्या त्या बैठकीत कोण बसते? कोकणातील उत्तर असे की, जाळ्यात वा नौकेत ज्याचा भाग आहे, तो पुरुष बसतो. विक्रीची सर्व सूत्रे हाती असलेली स्त्री त्या बैठकीस सहसा नसते.

कोळी समाजात स्त्री घराचा पैसा सांभाळते, बाजारात तिचा शब्द चालतो, हे सर्वश्रुत आहे आणि ते बहुतांशी खरेही आहे. या प्रतिमेमुळे एक गोष्ट झाकली जाते. बंदरावर मासळी लिलावाने मोठ्या व्यापाऱ्यांकडे आणि निर्यातदारांकडे जाऊ लागली, तसा स्त्रियांच्या हाती येणाऱ्या मासळीचा वाटा घटला. पूर्वी घरची मासळी घरची स्त्री विकत असे. आता अनेक स्त्रिया दलालाकडून रोखीने किंवा उधारीने मासळी घेऊन विकतात. त्यांना संध्याकाळपर्यंत माल संपवावाच लागतो, कारण बर्फाचा खर्च आणि उद्याची उधारी दोन्ही वाट पाहत असतात. मुंबईच्या ससून गोदीत, जी १८७५ पासून चालू आहे, कोळंबी सोलणाऱ्या स्त्रियांना सोललेल्या मालाच्या मापाने पैसे मिळतात. समुद्रात कोळंबी कमी झाली तर त्यांचे काम कमी होते. मात्र मत्स्यदुष्काळाचा विचार करताना त्यांचे नुकसान कोणीही मोजत नाही.

खलाशाची स्थिती याहून वेगळी नाही. पूर्वी नौका, जाळे आणि माणसे यांचे वाटे पडत आणि खलाशी वाटेकरी असे. मोठ्या नौकांवर आता बहुधा हंगामाची ठरावीक रक्कम आणि तीही आगाऊ उचल देऊन असा व्यवहार होतो. रत्नागिरीच्या बंदरात नेपाळमधून आलेले खलाशी मोठ्या संख्येने दिसतात. उलट पालघर जिल्ह्यातील तलासरी-डहाणूकडचे आदिवासी तरुण गुजरातच्या नौकांवर खलाशी म्हणून जातात. अशी नौका सागरी सीमेनजीक पाकिस्तानी यंत्रणेने पकडली की, हे तरुण कराचीच्या मलीर तुरुंगात खितपत पडतात आणि शिक्षेची मुदत संपूनही कित्येकांना घरी परतण्यास वर्षे लागतात. किनाऱ्यापासून काही कोसांवर शेतमजुरी करणाऱ्या कुटुंबातील हा माणूस जन्माने ‘मच्छीमार’ नाही. तो मच्छीमार संस्थेचा सभासद नाही. परंतु मासेमारीची सर्वांत मोठी किंमत तोच मोजतो.

मासेमारी बंदीच्या काळाचेही असेच. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक नौकांना समुद्र बंद असतो. माशांच्या प्रजननासाठी ही बंदी आवश्यक आहे आणि नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याची जुनी रूढी तिच्याशी सुसंगतच होती. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत या काळासाठी लाभार्थ्याची १,५०० रुपयांची बचत आणि शासनाचे ३,००० रुपये अशी तरतूद आहे. नौकामालक हे दिवस नौकेच्या डागडुजीत आणि जाळी विणण्यात काढतो. विक्रेत्या स्त्रीला मात्र त्या काळात परराज्यांतून आलेला, बर्फातला, महाग माल विकावा लागतो. बंदीचा लाभ पुढे सर्वांना होतो. तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही.

किनारा कोणाचा?

संसाधन म्हणजे केवळ मासळी नव्हे. नौका शाकारण्याची जागा, जाळी सुकविण्याचे पटांगण, बोंबलांच्या वलांडी, जेट्टी, समुद्रात जाण्याचा मार्ग हीही संसाधनेच आहेत आणि कोकणात सर्वाधिक झपाट्याने तीच नाहीशी होत आहेत. किनारपट्टी नियमन क्षेत्राची अधिसूचना १९९१ मध्ये आली. २०११ आणि २०१९ मध्ये ती नव्याने काढली गेली. २०११ च्या अधिसूचनेत मुंबईतील कोळीवाड्यांचा स्वतंत्र उल्लेख होता आणि त्यांचे सीमांकन करण्याचे सांगितले होते. सीमांकनाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळले. त्यात मुख्य वाद घरांच्या हद्दीचा नसून मोकळ्या जागेचा असतो. वलांडीची जागा सरकारी कागदपत्रांत पडीक जमीन म्हणून दिसते, कारण तेथे भिंती नाहीत. ज्या जागेवर प्रामुख्याने स्त्रियांचे काम चालते, तीच जागा नकाशावर सर्वप्रथम रिकामी ठरते.

उरण परिसराचा अनुभव या दृष्टीने उद्बोधक आहे. जवाहरलाल नेहरू बंदरासाठी १९८० च्या दशकात शेवा कोळीवाडा उठविण्यात आला आणि हनुमान कोळीवाड्यात ज्यांचे पुनर्वसन झाले, त्यांच्या घरांना वाळवीने पोखरले. पुढे बंदराच्या विस्तारासाठी झालेल्या भरावामुळे खाडीतील मासेमारी आणि भरतीच्या पाण्याचे मार्ग बाधित झाले, म्हणून पारंपरिक मच्छीमारांनी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे धाव घेतली. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी न्यायाधिकरणाच्या पुणे येथील खंडपीठाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी १९ लाख रुपये नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. कुटुंबामागे ही रक्कम सुमारे ५ लाख ८४ हजार रुपये होते. पारंपरिक मच्छीमाराचा समुद्रावर कागदोपत्री मालकी हक्क नसला तरी उपजीविकेचा हक्क आहे आणि तो हिरावल्यास भरपाई द्यावी लागते, हे या निवाड्याने मान्य केले. नौकेऐवजी कुटुंब हा घटक धरल्याने ज्या घरांत नौका नव्हती तीही गणनेत येण्यास वाव मिळाला. या निवाड्याचे महत्त्व त्यातील रकमेपेक्षा या मोजमापात अधिक आहे.

मुंबईच्या किनारी रस्त्याच्या प्रकरणी वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांनी वेगळाच प्रश्न उपस्थित केला. नौकांच्या वाटेवरील पुलाच्या दोन खांबांमधील अंतर आराखड्यात ६० मीटर होते. वारा आणि लाटा यांत लहान नौका खांबावर आदळतील, असा त्यांचा आक्षेप होता आणि त्याहून बऱ्याच अधिक अंतराची त्यांची मागणी होती. दीर्घ आंदोलनानंतर डिसेंबर २०२२ मध्ये हे अंतर १२० मीटर करण्याचे मान्य झाले. समुद्रात नौका कशी वागते, हे पुलाच्या आराखड्याआधी त्या नौकेच्या तांडेलास विचारले असते, तर खर्च आणि कालावधी दोन्ही वाचले असते.

संवर्धनाच्या नावाने घेतलेले निर्णयही यास अपवाद नाहीत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. त्याचे क्षेत्र २९.१२२ चौरस किलोमीटर. स्थानिक मच्छीमारांना विश्वासात न घेता केलेल्या या घोषणेस प्रखर विरोध झाला. त्या पाण्यात लहान होडीने मासेमारी करणाऱ्यास दुसरीकडे जाणे अशक्य. मोठ्या नौकेला मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर सारा समुद्र मोकळा. प्रवाळ आणि किनाऱ्याची जैवविविधता राखणे आवश्यकच आहे. प्रश्न आहे तो त्याची किंमत सर्वांत लहान होडीने का द्यावी, हा.

डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. त्यासाठी नेमलेल्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण येथील बंदराचा प्रस्ताव नाकारला होता. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने नव्या प्रस्तावास संमती दिली आणि जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या प्रकल्पास मंजुरी दिली. भरपाई कोणास, हा प्रश्न आता तेथे उभा आहे. नौकांची नोंदवही उघडून यादी करणे सोपे आहे. त्या यादीत डोळ जाळ्याचे मालक येतील. किनाऱ्यावरील खडकांत आणि डबक्यांत हाताने मासळी, शिंपले वेचणाऱ्यांची नावे येणार नाहीत.

नोंदवहीचा प्रश्न

अन्न व कृषी संघटनेने २०१४ मध्ये लघुमत्स्यव्यवसायासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. त्यांत मासळी पकडणाऱ्यांबरोबरच ती साफ करणारे, सुकविणारे, विकणारे या सर्वांना मच्छीमार मानले आहे. भारताच्या व्यवहारात मात्र ही व्याख्या रुजलेली नाही. राज्य शासनाने सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला राज्यमाशाचा दर्जा दिला. त्याच सुमारास ५४ प्रजातींच्या मासळीसाठी पकडण्याचे किमान आकारमान निश्चित केले. पिल्ले पकडू नयेत हे योग्यच. परंतु हा नियम बंदरावर उतरणाऱ्या मालावर जितका कठोरपणे राबविला जाईल, तितकाच तो बाजारातल्या ओट्यावर राबविला गेल्यास लहान पापलेट जाळ्यात घेणाऱ्याऐवजी ते विकणाऱ्या स्त्रीवर बडगा पडण्याची शक्यता आहे. तिला माल निवडण्याची मुभा नसते.

एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायास कृषी समकक्ष दर्जा दिला. वीजदर, कर्ज, विमा यांत शेतकऱ्यांच्या बरोबरीच्या सवलती मिळाव्यात हा त्याचा उद्देश आहे आणि ही मागणी जुनीच होती. यातील कर्जाचा मुख्य मार्ग म्हणजे किसान क्रेडिट कार्ड. त्यासंबंधी रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार सागरी मासेमारीसाठी हे कार्ड मिळण्यास नोंदणीकृत नौका मालकीची किंवा भाडेपट्ट्याची असणे आणि मासेमारीचा परवाना असणे आवश्यक आहे. जमिनीवर कूळ, वाटेकरी आणि शेतमजूर यांच्यासाठी कायद्याने निदान स्वतंत्र शब्द तरी घडविले. समुद्राच्या बाबतीत खलाशी, विक्रेती आणि वेचणारी यांना असा शब्द अद्याप मिळालेला नाही. मत्स्यव्यवसाय विभागाच्या गावनिहाय नोंदवहीत नौकेच्या क्रमांकाशेजारी त्या नौकेवर जाणाऱ्या खलाशांची आणि त्या नौकेची मासळी विकणाऱ्या, सुकविणाऱ्या स्त्रियांची नावे लिहिण्यासाठी एक रकाना वाढवावयाचा, तर त्यास नवा कायदा लागत नाही. सहकारी संस्थांच्या उपविधींत बिगर-नौकाधारकांना सभासदत्व आणि मताचा अधिकार देण्याची दुरुस्ती सर्वसाधारण सभेने करावयाची असते. ज्या सभेने ती करावयाची, तिच्यात आज बहुमत नौकामालकांचे आहे.